घोषणापत्राची स्वच्छ प्रत

मानोरा
२८ नोव्हेंबर २०२५

नमो बुद्धाय

प्रिय वैजूस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या हुकमाप्रमाणे या आठवड्याचं पत्र. फोन असताना कागद काळे करायला लावतेस म्हणून पहिल्या महिन्यात तुझा राग आला होता. पण पेपर तीन तासांचा आहे आणि माझ्या हाताला सवय किराण्याच्या यादीची, हे तुझं खरं निघालं. आज चार पानं न थांबता लिहिली, करंगळी दुखली नाही. कागद शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे आहेत, एका बाजूने कोरे. पान उलटलंस तर सहावीचा भूगोल दिसेल, तोही सोडवून पाहा.

बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी भरला, हे अजून तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. फॉर्मवर पत्ता तुझा, केंद्र कारंज्याचं, पावती तुझ्या कपाटात. हे शाळेत गेले की मी स्नेहाची जुनी पुस्तकं काढते. मुलगी अकोल्याला बँकेत लागली आणि आई तिच्या पुस्तकात तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा शोधते आहे. पुस्तपालन जमतंय. विहार समितीचा जमाखर्च मी अकरा वर्षं मांडते, पुस्तकात त्याच गोष्टींना 'तरतूद' वगैरे मोठी नावं दिली आहेत एवढंच.

यांना का सांगत नाही, असं तू मागे विचारलं होतंस. दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगला हे स्टेजवरून म्हणाले होते, "आमच्या घरी अर्थखातं मॅट्रिक पास बाईकडे हाय, म्हणून मी तरलो." सगळे हसले, मीही हसले. यांच्या मनात वाईट नव्हतं. पण तेव्हापासून मला एक गुणपत्रिका यांच्या टेबलावर ठेवायची आहे, काही न बोलता.

आता खरी बातमी. विभागीय शिक्षण मंडळावर मुख्याध्यापकांमधून सदस्य घेणार आहेत आणि यांचं नाव पुढे जातंय. मला वाटलं मतं पडतात. हे म्हणाले, "नाही, सरकार नेमते." मी विचारलं, "मंग सरकारले नाव कोन सुचवते?" म्हणाले, "ज्याले सुचते तो." वैजू, यांना खुर्चीची हौस नाही असं मी म्हणणार नाही. पण यांच्या मनात दुसरंही आहे. आमच्या शाळेला दहावीचं परीक्षा केंद्र हवंय. तांड्यावरच्या मुलींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, मुली आजीजवळ. गेल्या वर्षी देवला नावाची पोर, वर्गात पहिली, दोन पेपरांना गाडी चुकली म्हणून बाहेरच राहिली. आता तीही कोयता घेऊन गेली. मंडळावर आपला माणूस असला तर केंद्राचं बोलता येईल, असं हे म्हणतात.

पत्र नेहमीप्रमाणे प्रेमसिंगच्या काळीपिवळी जीपमध्ये देते.

तुझी,
भागिरथा

*

कारंजा
५ डिसेंबर २०२५

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

प्रिय भागी,

पत्र मिळालं. अक्षर पाहून जळायला होतं. शाळेतही बाई तुझी वही वर्गात फिरवायच्या आणि माझ्या वहीवर लाल शाईने 'कोंबडी?' असं लिहायच्या. मात्र 'तरतूद' शब्दाला पुन्हा अडलीस, खोडलेलं दिसतंय. 'चिटणीसाची कार्यपद्धती' या पेपरात खाडाखोड चालत नाही. पुढच्या वेळी सभा बोलावल्याची सूचना लिहून पाठव.

संघपाल भाऊजींचं ऐकून आनंद झाला. जिल्ह्यातून नावं विभागाला जातात, तिथून वर, आणि शेवटी मुंबईत कोणीतरी एका नावापुढे खूण करतो. मधल्या वाटेवर शिफारसपत्रं असतात, कोणाचा मामा असतो, कोणाचा साडू असतो. कागद मात्र चोख लागतात. एक कागद कमी पडला की चांगल्या माणसाचं नाव गळतं आणि गाळणाऱ्याला कारण मिळतं. हे सगळं मी ऐकीव सांगते हो, मला कुठलं कळतंय.

आमच्याकडे सगळे ठीक. रेणू पुण्यालाच आहे, क्लास चालू आहे. तिचे बाबा शाळेच्या कामात.

अभ्यास सोडू नकोस.

तुझी,
वैजयंती

*

मानोरा
१२ डिसेंबर २०२५

नमो बुद्धाय

प्रिय वैजू,

सभेची सूचना आज नाही लिहिली. जे लिहून बसले आहे त्यानेच झोप उडवली आहे.

तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून यांचा प्रत्येक अर्ज मी उतरवून काढते. यांचं अक्षर यांनाच लागत नाही. बदलीचा अर्ज, शाळेच्या खोल्यांचा प्रस्ताव, सगळ्यांची स्वच्छ प्रत माझ्या हातची. हे मजकूर देतात, मी लिहिते, हे न वाचता सही करतात. सव्वीस वर्षांत वाचायची गरज पडली नाही.

रविवारी मंडळाचे कागद घेऊन बसले. सेवेचा तपशील झाला, चौकशी चालू नसल्याचा दाखला झाला. शेवटी घोषणापत्र. छापील नमुना समोर ठेवून कोऱ्या कागदावर हाताने उतरवायचं होतं. मी लिहीत गेले. नववी ओळ अशी: "माझे पती/पत्नी, मुले अथवा भावंडे यांपैकी कोणीही चालू वर्षी मंडळाच्या परीक्षेस बसलेले नाही." खाली बारीक अक्षरात, असं कोणी बसलं असेल तर नाव यंदा विचारात घेतलं जाणार नाही आणि खोटं आढळलं तर कारवाई होईल.

माझा हात थांबला. हे म्हणाले, "काहून थांबली? पेन संपला काय?"

मी म्हणाले, "नाही."

आणि लिहिलं. वैजू, 'पती' गाळलं, 'पत्नी' ठेवलं, आणि पुढे सरळ 'बसलेले नाही' लिहिलं. एकही खाडाखोड नाही. यांनी सही केली आणि म्हणाले, "मोत्यावानी अक्षर हाय तुह्यं. हे पाहूनच नेमतीन मले."

दुसऱ्या दिवशी विहारात पंचशील घेताना, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला माझा आवाजच निघाला नाही. शेजारच्या दुर्गाबाईंनी विचारलं, घसा बसला का. मी मान हलवली, म्हणजे तिथेही खोटंच.

लिफाफा सोमवारी वाशीमला जायचा आहे. अजून टेबलावर आहे. मी काय करू ते लगेच कळव. प्रेमसिंगला थांबवून उत्तर दे.

भागी

*

कारंजा
१३ डिसेंबर २०२५

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भागी,

प्रेमसिंग दारात हॉर्न वाजवून राहिला आहे, म्हणून घाईत लिहिते.

काही करू नकोस. लिफाफा जाऊ दे. असल्या ओळी सगळेच न वाचता सही करतात. एवढ्या मोठ्या राज्यात कोणाच्या घरी कोणी ना कोणी परीक्षेला बसलेलं असतंच, म्हणून काय कोणी नावं जुळवत बसतं? तुझ्या फॉर्मवर तर माहेरचं नाव आहे, कारण दाखला माहेरचा. पत्ता माझा. देवालासुद्धा कळणार नाही. तुमच्यात देव नाही ते ठीक आहे, पण शिक्षणाधिकाऱ्यालाही कळणार नाही.

भाऊजींना आत्ता सांगितलंस तर त्यांचंही जाईल आणि तुझंही. गप राहा.

वैजू

*

मानोरा
२७ डिसेंबर २०२५

वैजयंतीस,

मी गप राहिले. लिफाफा गेला.

काल शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले रतनसिंगबाबू आमच्याकडे चहाला आले होते. यांना म्हणाले, "सर, जिल्ह्यातून दोनच नावं पुढे गेले. एक तुमचं. दुसरं कारंज्याच्या गावंडे सरांचं. कागद दोघायचे चोख. आता ज्याच्या कागदात खोट निघन तो घरी."

गणेश गावंडे. तुझे यजमान. मी चहाची बशी घेऊन दारात उभी होते.

मला सगळी पत्रं आठवली. 'तिचे बाबा शाळेच्या कामात.' 'मी ऐकीव सांगते.' 'एक कागद कमी पडला की नाव गळतं.' 'लिफाफा जाऊ दे.' तू मला नववीच्या वर्गापासून ओळखतेस. मी खोटं लिहून दोन दिवस जेवले नव्हते आणि तुला विचारलं, आणि तू घाईघाईत सांगितलंस, गप राहा. माझी पावती तुझ्या कपाटात आहे. माझा पत्ता तुझं घर आहे. गणेश भाऊजींनी ते कपाट एकदा उघडून फोटो काढला की झालं, यांची सही आणि माझं अक्षर, दोन्ही पंचनाम्याला.

मी आरोप करत नाही, विचारते. हे तू ठरवून केलंस का?

पावती प्रेमसिंगकडे दे. मी यांना सांगणार आहे. तुझ्या घरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं.

भागिरथा

*

कारंजा
२९ डिसेंबर २०२५

भागी,

पावती सोबत पाठवते. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात. यांनी ती पाहिलेली नाही. दत्तगुरूंची शपथ घेतली तर तू म्हणशील शपथ कशाला, म्हणून नुसतंच सांगते.

यांचं नाव आहे हे मी लपवलं. तुझ्या पहिल्याच पत्रात तुझा आनंद वाचला आणि लिहवेना. मग तुझा घोषणापत्राचा प्रश्न आला. तेव्हा मी जे सांगितलं ते तुला अडकवायला नाही सांगितलं. का सांगितलं ते मला लिहिता येत नाही. तू समजतेस ते मात्र नव्हे.

भाऊजींना सांगू नकोस, अजूनही म्हणते.

आणि एक. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे राहायचं आपलं ठरलं होतं. ते जमणार नाही. फेब्रुवारीत घरात रंगाचं काम काढायचं आहे, रंगारी महिनाभर राहतील. हॉल तिकीट आलं की पाठवते.

वैजू

*

मानोरा
१४ जानेवारी २०२६

नमो बुद्धाय

वैजूस,

हे पत्र सरावासाठी नाही. तुला न सांगता राहवेना म्हणून लिहिते, बाकी रंगारी आणि तू सुखी राहा.

पौष पौर्णिमेला उपोसथाचा उपास केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्यासमोर बसले. हे पेपर वाचत होते.

"तुमी सही केली त्या कागदात एक ओळ खोटी हाय," मी म्हणाले.

"कोनती?"

"नववी."

यांनी पेपर खाली केला. "आपल्यातलं कोन बसलं हाय? स्नेहा त झाली."

"मी."

आधी हसले. मला तेच भय होतं. मग मी पावती पुढे ठेवली. माहेरचं नाव वाचायला यांना वेळ लागला. हसू कुठे गेलं कळलंच नाही.

"अन् हे तूनं लिवलं? मह्या समोर बसून? मी म्हनलं पेन संपला काय, अन् तू नाही म्हनली?"

"हो."

"मले काहून नाही सांगतलं व? मी काय तुले पुस्तक हाती घेऊ देत नोतो? साऱ्या तांड्याच्या पोरीले शिका शिका म्हनून राह्यलो मी."

"पोरीले म्हनता. घरी अर्थखातं म्हनता."

यांनी पावती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "फॉर्म मागं घे. पुढच्या साली दे. मी सोता शिकवीन."

मी म्हणाले, "मागं घेतला तरी यादीत नाव राह्यते. गैरहजर म्हनून निकाल लागते. ओळ खोटीच राहीन अन् पेपरही जाईन." यांनाही ते माहीत होतं, उगाच म्हणाले होते. मग म्हणाले, "देवलाले काय सांगू मी? पुढच्या साली तिच्यावानी दुसरी राहीन, तिले काय सांगू?"

पुढचे चार दिवस असे गेले: डबा मी भरायची, हे न्यायचे, रिकामा आणून ओट्यावर ठेवायचे. पाचव्या दिवशी शाळेत जायचे कपडे करून आले आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"लिही. पह्यल्यावानीच अक्षर काढजो."

"काय लिवू?"

"जे हाय ते."

यांनी मजकूर सांगितला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मजकूरही माझाच होता. "माझी पत्नी यंदा उच्च माध्यमिक परीक्षेस खाजगीरीत्या बसलेली आहे. पूर्वीच्या घोषणापत्रातील नववी ओळ चुकीची आहे, ती दुरुस्त समजावी." यांनी ते दोनदा वाचलं. वाचून सही केली. स्वतः वाशीमला नेऊन दिलं. तिथला साहेब चार जणांसमोर म्हणाला, "सर, हे आनाची गरज नोती. कोन पाह्यते? बायकोनं हरवलं राव तुमाले."

संध्याकाळी आल्यावर हे चप्पल काढता काढता म्हणाले, "आता नापास झाली त मह्यं दोनी कडून गेलं, हे ध्यानात ठेव."

नाव गळलं. तुझ्या घरी अभिनंदन सांग. आता जिल्ह्यातून एकच नाव आहे.

भागिरथा

*

मानोरा
११ फेब्रुवारी २०२६

वैजू,

हॉल तिकीट मिळालं होतं. सोबत एक ओळही नव्हती, म्हणून मीही लिहिणार नव्हते. आता लिहावं लागतंय.

काल इंग्रजीचा पेपर. हे मोटारसायकलवर सोडायला आले. गेटवर शिपाई मला म्हणाला, "बाई, पालकायनं बाहीर थांबा." मी हॉल तिकीट दाखवलं तेव्हा हे दुसरीकडे बघून हसू दाबत होते. यांचं हसू मी महिन्याभराने पाहिलं.

वर्गात माझ्यापुढे दोन बाक सोडून एक मुलगी बसली होती, तोंडाला स्कार्फ. पर्यवेक्षक बाईंनी हॉल तिकीट तपासायला स्कार्फ काढायला लावला. तिने मान वळवली आणि आमची नजरानजर झाली.

रेणू.

पुण्याला क्लासला असलेली तुझी रेणू.

पेपर सुटल्यावर पाण्याच्या टाकीजवळ तिने माझा हात धरला. "काकू, मले पाह्यलं म्हनून कोनाले सांगू नका. गेल्या साली इंग्लिश अन् केमेस्ट्री गेली मही. आई म्हने घराबाहीर निघू नोको, बाबाचं काम हून राह्यलं. सा महिने झाले, मी माडीवरच हाओ. खाली कोनी आलं का लाइटबी नाही लावत."

मी तिला माझ्या डब्यातली पोळी दिली. पोरीने उभ्याने खाल्ली.

वैजू, आता मला तुझी सगळी पत्रं दुसऱ्यांदा आठवली. 'कोणाच्या घरी कोणी ना कोणी बसलेलं असतंच.' रंगारी. तू मला अडकवत नव्हतीस. मी खरं सांगितलं तर तुला तुझ्या घरची नववी ओळ दिसली असती, म्हणून मला गप राहायला सांगत होतीस. तुझ्यावर मी जो आरोप केला तो मागे घेते. क्षमा कर.

पण गणेश भाऊजींनी माहीत असून सही केली आहे ना?

भागी

*

कारंजा
१३ फेब्रुवारी २०२६

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भागी,

हो.

त्यांना माहीत होतं. म्हणाले, फक्त तीन महिन्यांचा प्रश्न आहे. निकाल लागला तेव्हा आम्ही पास झाल्याचे पेढे वाटले होते गं, शाळेत, शेजारी, सगळीकडे. मुख्याध्यापकाची मुलगी दोन विषयांत गेली हे सांगायला यांची जीभ वळली नाही. एकदा पेढे वाटल्यावर पुण्याचा क्लास आला, क्लासनंतर माडी आली. ती ओळ त्यानंतरची. तुझ्या हातून एकदा खोटं लिहिलं गेलं आणि तू जेवली नाहीस. मी सहा महिने रोज दोन ताटं लपवून माडीवर नेते आहे.

यांचं नाव मुंबईला गेलं आहे. आदेश या महिनाअखेर निघेल म्हणतात. भागी, तू कोणाला सांगू नकोस. मी यांच्याशी बोलले आहे. तुमच्या शाळेला केंद्र मिळेल. पहिल्याच बैठकीत हे विषय घेतील, तसं त्यांनी मला कबूल केलं आहे. भाऊजींना जे करायचं होतं तेच होईल ना? तांड्यावरच्या पोरी गावातच पेपर देतील. देवलासारखी दुसरी होणार नाही. एका ओळीसाठी हे सगळं घालवू नकोस.

आणि रेणूचा विचार कर. आत्ता कळलं तर अख्खं कारंजा तिच्याकडे बोट दाखवेल. तिचा केमिस्ट्रीचा पेपर बाकी आहे.

तुझ्या पाया पडते.

वैजू

*

मानोरा
१५ फेब्रुवारी २०२६

नमो बुद्धाय

प्रिय वैजू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. केंद्राची ओळ वाचताना माझं मन हललं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी देवलाच्या आजीला ओळखते. शेण थापताना ती अजून म्हणते, "मही पोर गाडीनं खाल्ली." त्या केंद्रासाठी मी बरंच काही करीन.

पण असं मिळालेलं केंद्र कुठून आलं असं यांनी मला विचारलं, तर मी काय सांगू?

आणि यांनी विचारलं आहे. परवा पेपराहून परत येताना गाडीवर म्हणाले, "वर्गात कोनी वळखीचं होतं काय?" मी म्हणाले, "हाय एक. पेपर झाले का सांगतो." यांनी पुढे विचारलं नाही. पण मी सांगते म्हणाले आहे. आता न सांगणं म्हणजे पुन्हा तेच.

मी कोणाकडे तक्रार घेऊन जाणार नाही. निनावी पत्र टाकणार नाही. केमिस्ट्रीचा पेपर होईपर्यंत यांनाही सांगणार नाही, तेवढी मुदत रेणूची आहे, गणेश भाऊजींची नाही. त्यानंतर यांनी विचारलं तर मी खरं सांगणार.

रेणूला बोटं दाखवतील म्हणतेस. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई त्या बाकावर बसले. पोरांनी पहिल्या दिवशी 'आजी' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाने पॅड मागितलं. बोटं दोन दिवस असतात, वैजू. माडी सहा महिने झाली.

सोबत एक कागद जोडते. घोषणापत्राची दुरुस्ती. "माझी मुलगी कु. रेणू ही यंदाच्या उच्च माध्यमिक परीक्षेस पुनर्परीक्षार्थी म्हणून बसलेली आहे. पूर्वीच्या घोषणापत्रातील नववी ओळ चुकीची आहे, ती दुरुस्त समजावी." खाली 'वडील' म्हणून सहीची जागा सोडली आहे. यांच्यासाठी जसं लिहिलं तसंच, त्याच अक्षरात, नवीन कागदावर. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर नाही.

मला एवढंच येतं, स्वच्छ प्रत काढायला. सही तुमच्या घरची.

तुझी,
भागी

*

कारंजा
२२ फेब्रुवारी २०२६

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भागी,

कागद मी यांच्यापुढे ठेवला. यांनी वाचला, घडी केली आणि ताटाखाली सरकवला. तीन दिवस मी तिथेच राहू दिला. केमिस्ट्रीचा पेपर झाला त्या संध्याकाळी तेलाचा डाग पडलेला तो कागद मी उचलला, 'वडील' खोडून वर 'आई' लिहिलं आणि माझी सही केली. कोंबडीच्या अक्षरात. खाडाखोड झाली, माफ कर. स्पीड पोस्टाने वाशीमला पाठवला, पावती कपाटात ठेवली आहे. किल्ली आता खुंटीला असते.

घरात काय चाललं आहे ते लिहीत नाही. यांनी माझ्या हातचा चहा सोडला आहे, स्वतः करून पितात आणि साखर सापडत नाही म्हणून ओरडतात. रेणू काल चपला घालून भाजी आणायला गेली. मेथी आणली, निम्मी पिवळी.

तुझा चिटणीसाचा पेपर परवा आहे. उन्हात मोटारसायकलवर येऊ नकोस, आदल्या दिवशीच ये आणि माझ्याकडे राहा. 'तरतूद' शब्द पाठ करून घेते. आमच्याकडे रंगारी कधी आलेच नव्हते.

तुझी,
वैजू